जाताना दोन, येताना तीन

वर्धा जिल्ह्यात विमानतळ नाही. तरीही गेली काही वर्षे मी या जिल्ह्यातल्या लोकांना विमानाचे माइल्स देणारी क्रेडिट कार्डे निवडून देते. नागपूरच्या ओळखीच्यांना हे सांगितले की ते हसतात. इकडे कोण उडतो, असे त्यांना वाटते. उडणारे पुष्कळ आहेत, आणि खर्च करणारे त्याहून जास्त आहेत.

त्याआधी मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. आवृत्ती बंद झाली आणि मी एका खासगी बँकेसाठी कार्डांचे काम घेतले. बातमीच्या टेबलावरची एक सवय मात्र गेली नाही. स्वतः पाहिलेले एका बाजूला ठेवायचे, ऐकलेले दुसऱ्या बाजूला, आणि ऐकलेले असेल तर कोणाकडून ते सांगायचे. या लेखात ती सवय पाळली आहे. नावे तेवढी बदलली आहेत.

काम समजायला अवघड नाही. कार्डाने खर्च केला की बँक गुण देते. हे गुण विमान कंपनीच्या खात्यात वळवले की त्यांचे माइल्स होतात आणि माइल्सवर तिकीट मिळते. कोणते कार्ड चांगले, असे लोक विचारतात. हा प्रश्न अर्धा आहे. तुमचा खर्च कशावर होतो आणि तुम्हाला कुठे जायचे आहे, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. डिझेलवर बहुतेक कार्डे गुण देत नाहीत. विम्यावर देतात, पण मर्यादा घालतात. एकाच विमान कंपनीशी बांधलेले कार्ड तिच्याच विमानात बसणाऱ्याला परवडते. गुण हव्या त्या कंपनीकडे वळवता येतील असे कार्ड महाग असते, पण हात मोकळा ठेवते. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते. बँकेतले गुण एकदा विमान कंपनीकडे गेले की परत येत नाहीत. तिकीट मिळो न मिळो.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची. सेलूच्या एका कृषी केंद्रवाल्यांनी विमानतळावरच्या विश्रामकक्षात जेवण फुकट मिळते एवढ्यावरच कार्ड घेतले. पहिल्याच वेळी त्यांच्या पत्नीने तिथे घरचा डबा उघडला. तिथले जेवण कोणाच्या हातचे ते माहीत नाही, असे त्या मला नंतर शांतपणे म्हणाल्या. जाम गावच्या चौकात ट्रकचे टायर विकणारे एक गृहस्थ कधीच विमानात बसले नाहीत. दर दिवाळीला फोन करून आपण आता कुठवर जाऊ शकतो एवढे विचारतात. गेल्या वर्षी मी इस्तंबूल म्हणाले. "बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

वामनरावजींची गोष्ट या रांगेतली नाही. आर्वी रस्त्यावर त्यांचे जिनिंग आहे. कापूस येतो, सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात. गाठींच्या पट्ट्या, बारदान, मशीनचे सुटे भाग, मालवाहतूक असा कार्डाने करता येण्याजोगा खर्च भरपूर. असे गिऱ्हाईक शोधायला आम्ही महिनोन्महिने फिरतो. ते स्वतः माझ्याकडे आले. अंगात पांढरा शर्ट, डोक्यावर नुकते उगवू लागलेले केस. घरात कोणी गेले असावे एवढे त्यावरून कळत होते.

"ऑस्ट्रेलियाले जा लागते," ते म्हणाले. "दोघांले. माइल्सवर."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. वर्षातून किती वेळा जाणार? एकदाच. घाई आहे का? वर्षश्राद्धाच्या आत. मग मी त्यांना खरा सल्ला दिला. एकाच प्रवासासाठी माइल्सच्या भानगडीत पडू नका. कॅशबॅकचे कार्ड घ्या, पैसे परत मिळतील, तिकीट सरळ विकत काढा.

"कॅशबॅक नाई चालत," ते म्हणाले. "कावळ्याले तसं सांगतलं नाई."

यापुढचे त्यांनी सांगितलेले आहे. मुलगा पंकज मेलबर्नला नोकरी करत होता. तिथे समुद्रात बुडाला. दहन तिथेच झाले आणि मित्र अस्थी घेऊन आला. दहाव्याला वर्धा नदीच्या काठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. कावळे बाभळीवर बसलेले, पण खाली एकही येत नव्हता. मग रिवाजाप्रमाणे एकेकाने पुढे होऊन शब्द दिला. मित्र म्हणाला, तुझ्या आईला मी फोन करत जाईन. चुलतभाऊ म्हणाला, तुझी गाडी विकणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत.

"तवा मले आठोलं," वामनरावजी म्हणाले. "पोट्टा दर फोनवर म्हने, बाबा, जिनिंगचा एवढा खर्च होते, माइल्सचं कार्ड घ्या, वर्षभरात दोघंबी फुकटात याल. मी म्हनो, सीझन झाल्यावर पाहू. दोन सीझन झाले. म्हून मी तिथं हात जोडले. म्हनलं, पंकज, कार्ड घेतो. तू सांगतलं तसंच येतो. तू थांब."

कावळा लगेच आला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एक म्हातारे चुलते मात्र पुढे झाले आणि वामनरावजींचा दंड धरून म्हणाले, "काय बोलला रे तू? मेल्या मानसाले जा म्हनतात. थांब नाई म्हनत कोनी."

एवढे सांगून वामनरावजी माझ्या टेबलावरच्या माहितीपत्रकांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारले, "यातलं कोन्तं लौकर होईन?"

मी त्यांना गुण वळवता येणारे कार्ड सुचवले. वार्षिक शुल्क जास्त होते. त्यांनी घासाघीस केली नाही. जिनिंगचा हंगाम सुरू झाला तसा खर्च सगळा कार्डावर येऊ लागला आणि गुण वेगाने साठू लागले. इतके समजूतदार गिऱ्हाईक मला दुसरे मिळालेले नाही. कुठला खर्च मोजला जातो आणि कुठला नाही, हे ते एकदा ऐकून लक्षात ठेवत.

हंगामाच्या मध्यावर त्यांनी मला घरी बोलावले. पत्नी सुशीलाबाईंना काही विचारायचे होते. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. रडून झालेला चेहरा नव्हता तो. कुणाला तरी स्टेशनवरून आणायला निघालेल्या बाईचा असावा, तसा दिसत होता.

"बाई, जातानी दोन तिकिटं ना?" त्यांनी विचारले.

"हो, काकू."

"येतानी तीन काढा."

मी वामनरावजींकडे पाहिले. ते खाली बघत होते.

"राख आली घरी, थो नाई आला," काकू म्हणाल्या. "बापानं थांब म्हनलं तं थो थांबूनच राह्यला तिथं. लेकरू आयकत होतं बापाचं. आता त्याले उभ्यानं आनू का? गयेले जातात तं पितरांची सीट काढतातच न रेल्वेत?"

हे खरे आहे. गयेला पिंडदानाला जाणारी काही कुटुंबे पितरांसाठी बर्थ राखून ठेवतात. नारळ कापडात गुंडाळून त्यावर ठेवतात आणि त्या जागेवर कोणाला बसू देत नाहीत. आमच्या दैनिकात त्याची छायाचित्रासह बातमी मीच लावली होती. पण रेल्वेची गोष्ट वेगळी आणि आंतरराष्ट्रीय विमानाची वेगळी. मृताच्या नावाने तिकीट निघत नाही, हे मी काकूंना सांगितले. एक मार्ग होता. मोठे वाद्य नेणारे किंवा एका जागेत न मावणारे प्रवासी ज्यादा जागा घेतात. ती पैशांनी मिळते. माइल्सवर बहुतेक कंपन्या देत नाहीत.

"पैशानं नाई," वामनरावजी म्हणाले. "माइल्सवर म्हनलं हाय."

पुढचे काही आठवडे मी त्या एका जागेच्या मागे होते. माइल्सवर मिळणाऱ्या जागा विमानात मोजक्याच असतात आणि त्या कधी खुल्या होतील याचा नेम नसतो. संकेतस्थळावर ज्यादा जागेची सोय नव्हती. मी एकेका कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावत गेले. कारण काय, असे प्रत्येकाने विचारले. आजारपण आहे, असे मी सांगत होते. शेवटी एका परदेशी कंपनीतल्या बाईने वरिष्ठांना विचारून होकार दिला. परतीच्या विमानात एका रांगेतल्या तीन जागा, तिन्ही माइल्सवर. मी त्याच वेळी गुण वळवले. या धंद्यात असे काम क्वचित जमते. त्या दिवशी मला आनंद झाला होता, हे नोंदवणे भाग आहे.

तिकिटे घेऊन गेले तेव्हा काकूंनी ती हातात घेऊन बघितली.

"याच्यावर पंकजचं नाव कुठं हाय?"

"नाव येत नाही, काकू. ज्यादा जागा एवढंच लिहितात."

"नाव नसन तं त्याले कसं समजन का सीट त्याची हाय?" मग त्याच म्हणाल्या, "बरं, मी बलावीन नं त्याले. असं करा, विमान कुठं कुठं पानी वलांडते थे सांगा मले."

वाटेत पाणी लागले की गेलेल्याला नाव घेऊन हाक मारायची, नाहीतर तो अलीकडेच राहतो, असे त्यांच्याकडे मानतात. पूल असो, नाला असो. मी फोनवर नकाशा उघडून त्यांना मार्ग दाखवला. मेलबर्न सोडल्यावर बराच वेळ जमीन आहे, मग समुद्र. सिंगापूरला विमान बदलायचे, मग पुन्हा समुद्र, आपल्या किनाऱ्यापर्यंत, आणि तिथून जमिनीवरून मुंबई. त्यांनी बोट ठेवून ठेवून बघितले.

"लय पानी हाय," त्या म्हणाल्या.

ते गेले आणि ठरल्याप्रमाणे परत आले. वर्षश्राद्ध झाले. त्याचे आमंत्रण मला होते, पण जाता आले नाही. चांगले गिऱ्हाईक असल्याने मी अधूनमधून फोन करत होते. काकू फोनवर बोलायच्या, आवाज उत्साही असायचा. वामनरावजी बोलायचे टाळत. कार्डावरचा खर्च मात्र थांबला नव्हता, उलट वाढला होता. हंगाम संपला होता. नवीन शेड बांधायला काढले आहे, असे त्यांनी सांगितले.

या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा घरी बोलावले. दुपारची वेळ होती. आता मी पाहिले ते लिहिते. पुढच्या खोलीत बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, कोणी बसले नव्हते आणि ती सावकाश हलत होती. वर पंखा सुरू होता. काकू आत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. त्या बाहेर आल्या, माझी विचारपूस केली, आणि चहाचे कप मांडून गेल्या. माझा, वामनरावजींचा आणि आणखी एक. तिसरा कप त्यांनी बंगईसमोरच्या तिपाईवर ठेवला. स्वतःचा आत घेऊन गेल्या. घरात वांग्याच्या भाजीचा वास होता. याहून जास्त मी काही पाहिले नाही.

वामनरावजी खुर्ची माझ्याजवळ ओढून हळू आवाजात बोलू लागले.

"मॅडम, तुमाले एक सांगतो. तिले मालूम नाई. तिथं समुद्रावर गेलो, तं ती त्याच्या दोस्तासंग मांगं होती. मी एकटा पान्यात गेलो, घोट्याएवढ्या. चुलते म्हनले होते थे डोक्यात होतं. पोट्ट्याले किती दिवस अडकून ठेवाचं? मी म्हनलं, पंकज, माह्या तोंडून चुकीनं गेलं. तू आता जा."

"मग?"

"मंग काई नाई. वारा होता तसाच होता. पन आपन घराचं दार उघडलं की समजते न, आत कोनी नाई? तसं समजलं. थो गेला."

"काकूंना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? ती तीन तिकिटं घेऊन आली होती." आत नळ सुरू झाला आणि बंद झाला. "विमानात मधातली सीट रिकामी, इकडे मी, तिकडे ती. तिनं त्या सीटचा पट्टा लावला. जेवन आलं तं त्याचंबी मागून घेतलं. मी म्हनलं, होऊ दे, तिच्या मनाचं समाधान. मंग समुद्र लागला तशी ती त्याचं नाव घेऊन हाका माराले लागली. लोकं पाहून राह्यले होते, मॅडम. मले शरम वाटली. मी म्हनलं, नाव नको घेऊ, नुसतं चाल म्हन, हळू म्हन. तिनं आयकलं माह्यं. मुंबईपर्यंत नुसतं चाल, चाल."

बातमीदार समोर असता तर त्याला मी पुढचा प्रश्न, मग तुमच्यासोबत आले कोण, हा विचारायला लावला असता. तो मी विचारला नाही. त्यांनीच उत्तर दिले.

"पंकजनं आयुष्यात वांग्याले हात नाई लावला. लहानपनी मी झोडपलं त्याच्यावरून, तरी नाई. आता रोज वांगं शिजते. ती म्हन्ते, थो मागते. म्हन्ते, तिकडं राहून सवय बदलली." त्यांनी तिपाईवरच्या कपाकडे पाहिले नाही, पण खुर्ची थोडी तिकडून वळवली. "परवा ती हासून सांगत होती. म्हने, पाहा बाप्पा, लेकरू किती इसरलं. घरात कोन कोन राह्यते थे इचारते. तुमचं नाव काय, थे इचारते. जिनिंग कुठं हाय थे इचारते. मी तिले म्हनलं, नको सांगू, नाव समजलं तं थोबी हाक मारन. ती म्हन्ते, काऊन? आपल्या पोराले आपलं घर नाई दाखवाचं?"

पंखा सुरू होता. बंगई आता हलत नव्हती.

"वामनरावजी," मी म्हणाले, "नागपूरला चांगले डॉक्टर आहेत. दोघांनीही एकदा जाऊन या."

"गेलतो," ते म्हणाले. "गोळ्या सुरू हायेत. मले. तिले झोप लागते, मले लागत नाई."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. कोपरे झिजले होते. "याच्यावर आता किती जमले पाहा. पुरत नसन तं दुसरं द्या, जास्त देनारं. यावेळी घाई हाय. शेडचा सारा खर्च याच्यावरच टाकून राह्यलो."

"कुठं जायचं आहे?"

"तिथंच. जातानी तीन, येतानी दोन."

मी त्यांना कामाचे तेवढे सांगितले. गुण आहेत, पण तीन जागांना पुरणार नाहीत. दुसरे एक कार्ड आहे, पहिल्या काही महिन्यांत ठरावीक खर्च केला तर एकदम मोठा गठ्ठा मिळतो. ज्यादा जागेची परवानगी मात्र पुन्हा मागावी लागेल, आणि मागची बाई आता तिथे असेल की नाही सांगता येत नाही. नसली तर दुसरा मार्ग मला माहीत नाही. ते सगळे लक्ष देऊन ऐकत होते. मी अर्ज काढला. त्यांनी सही केली.

"आणि काकूंना काय सांगणार?" मी विचारले.

"फिराले चाललो म्हनीन. त्याले घेऊन. थो येईन म्हनते का नाई, हाच सवाल हाय. तिथं नेऊन सोडाले त्याचं नाव लागन, मॅडम. हाक कोन्त्या नावानं मारू? थे मी त्याले कसं इचारू?"

आतली भांडी वाजायची थांबली. काकू दाराशी आल्या. ओले हात पदराला पुसत त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आयकता का? थो इचारून राह्यला, कोन आलं म्हनून."

वामनरावजींनी अर्जावरून मान वर केली नाही.

"बँकेच्या मॅडम आल्या म्हन त्याले," ते म्हणाले. "नाव नको सांगू."